मजले वाढले, पट घटला

लोअर परळ गेल्या काही वर्षांत घरांच्या दलालांच्या तोंडी ‘अप्पर वरळी’ झाले आहे. खालचे परळ वर कसे सरकले हे नकाशात शोधून सापडत नाही, दरपत्रकात मात्र लगेच सापडते. नाव बदलते, गिरणीच्या चिमणीशेजारी काचेचा टॉवर उभा राहतो, इराण्याच्या जागी कॉफीचे दुकान येते आणि एवढ्या सगळ्या उलथापालथीत एक प्रश्न जुनाच राहतो: मुलाला कुठल्या शाळेत घालायचे? हा लेख अशा वस्तीतल्या दोन प्रकारच्या घरांसाठी आहे. पहिले घर कर्ज काढून नुकतेच तिसाव्या मजल्यावर राहायला आलेले. दुसरे त्याच आवाराच्या मागच्या बाजूला, तीन पिढ्या एका खोलीत काढून आता पुनर्विकासाच्या इमारतीत गेलेले, किंवा किल्ली मिळण्याची वाट पाहत कुठल्यातरी संक्रमण शिबिरात दिवस काढणारे. दोघांची मिळकत वेगळी, फाटक वेगळे, पण शाळा निवडताना दोघेही सहसा एकच चूक करतात. शाळेत कोणाची मुले जातात ते पाहून शाळा चांगली की वाईट ते ठरवतात. वस्ती स्थिर असते तेव्हा हा ठोकताळा थोडाफार चालून जातो. वस्ती बदलत असताना तो सपशेल फसवतो, कारण शाळेचे नाव झाले तेव्हाची मुले, तेव्हाचे शिक्षक आणि तेव्हाची वस्ती यांतले आता फारसे काही उरलेले नसते. माझे म्हणणे असे की आलेल्या मुलाचे शाळा काय करते ते तपासा, आणि तपासायला एकटे जाऊ नका, शेजारची चार-सहा घरे बरोबर घ्या. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. तो का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. गिरण्याच एकामागून एक थंडावल्या. खालची जमीन मात्र तापत गेली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने या जमिनीचे साधारण तीन वाटे सुचवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, बांधकामाखालची जमीन हिशेबातून गळाली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. पुढचे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. या बदलाला इंग्रजीत ‘जेंट्रिफिकेशन’ असे जे नाव आहे ते रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना दिले. मराठीत त्याला अजून रुळलेला शब्द नाही. गिरणगावात ‘टॉवर आले’ एवढे म्हटले की कळते. पण टॉवर आले म्हणजे माणसे वाढली, अशी आपली जी समजूत असते ती तपासून पाहण्यासारखी आहे. २००१च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईची, लोकसंख्या ३३.३८ लाख होती. २०११ मध्ये ती ३०.८५ लाख झाली. इमारती उंच होत असताना माणसे अडीच लाखांनी कमी झाली. (संपातल्या कामगारांचा आकडाही अडीच लाखच होता, हा निव्वळ योगायोग, पण मनात राहणारा.) एका खोलीतल्या सात माणसांच्या जागी तीन खोल्यांत तीन माणसे आली, काही घरे गुंतवणूक म्हणून कुलूपबंद राहिली, आणि चाळीतली तरुण कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे गेली.

आता यात शाळेचे काय होते ते पाहा. वस्तीतल्या पालिकेच्या आणि अनुदानित मराठी शाळा ज्या मुलांवर चालत होत्या ती मुलेच आधी निघून जातात. नव्याने येणारी मुले त्या शाळेच्या दारावरून बसने दुसरीकडे जातात. पट घटतो. पटावर शिक्षक ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातला किमान हिशेब असा: पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार. म्हणजे ज्या शाळेत पाच इयत्तांत मिळून ५५ मुले उरली तिथे दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, पद कमी झाले की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, त्याची बदली होते, आणि पहिली-दुसरी एकाच खोलीत बसू लागते. पुढच्या वर्षी चौकशीला आलेला पालक ती खोली पाहतो आणि परत फिरतो. इथे कोणी वाईट शिकवले म्हणून शाळा पडली असे नसते. पट घटला म्हणून शिकवणे अवघड झाले, आणि शिकवणे अवघड झाले म्हणून पट आणखी घटला. या घसरणीला एकट्या टॉवरला जबाबदार धरणेही बरोबर होणार नाही. घरटी मुले कमी झाली आहेत, आणि इंग्रजी माध्यमाकडचा ओढा तर जिथे एकही टॉवर नाही अशा तालुक्याच्या गावीही आहे. पण हे तिन्ही एकाच वस्तीत, एकाच दशकात एकत्र आले की चांगली चाललेली शाळाही काही वर्षांत रिकामी होते. उलट्या बाजूने पाहिले तर हेच गणित पालकाच्या हातात मोठी ताकद देते. ५५ मुलांच्या शाळेत सहा मुले वाढली तर कायद्याने एक शिक्षक वाढतो. सहा मुले म्हणजे एका टॉवरचा एक मजला आणि मागच्या इमारतीचा एक जिना. शाळा निवडणे ही दुकानातून वस्तू आणण्यासारखी गोष्ट असती तर शेजाऱ्याने काय घेतले याने आपल्या वस्तूत फरक पडला नसता. शाळेत पडतो.

म्हणून शाळेची माहिती काढताना आधी पटाची पाच वर्षांची चढ-उतार विचारा. यूडायस प्लस या सरकारच्या शालेय माहितीच्या संकेतस्थळावर शाळेच्या ११ अंकी क्रमांकाने शाळा शोधता येते आणि पट, शिक्षकसंख्या, खोल्या, स्वच्छतागृहे यांची नोंद पाहता येते. ती शाळेनेच भरलेली असते, तेव्हा ती घरी वाचा आणि शाळेत जाऊन पडताळा. एक साधी गोष्ट: पटावर ४० मुले असतील तर एखाद्या मंगळवारी सकाळी वर्गात किती बसली आहेत? तिसरीच्या मुलांच्या वह्या मागून पाहा. त्यात बाईंनी चुका दुरुस्त केल्या आहेत की नुसती लाल बरोबरची खूण आणि तारीख आहे? फळ्यावरचे उतरवून घेतलेले किती आणि मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेले किती? वह्या खोटे बोलत नाहीत, निदान सगळ्या मिळून तरी नाहीत. शिक्षक किती वर्षे टिकून आहेत ते विचारा. पाच वर्षांत चार वर्गशिक्षक बदललेल्या चकचकीत शाळेपेक्षा दहा वर्षे त्याच बाई असलेली जुनाट इमारत बरी. शाळा सुटताना फाटकाशी उभे राहा आणि आत्ता तिथे ज्यांची मुले आहेत त्या आयांशी बोला. त्यांना शाळा चांगली आहे का असे मोघम विचारू नका, ‘मूल वाचायला कधी लागले’ असे विचारा. विनाअनुदानित शाळा असेल तर तिच्या मान्यतेचे पत्र पाहायला मागा. शिक्षण विभाग दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, आणि त्या यादीत मोठ्या नावाच्या पाट्यांनाही जागा मिळालेली असते.

दहावीच्या निकालाबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण पालकांचा सर्वांत जास्त विश्वास त्याच आकड्यावर असतो. ‘१०० टक्के निकाल’ असा फलक शाळेच्या कुंपणावर लागतो तेव्हा तो आकडा शाळेने काय शिकवले याच्याइतकाच, किंवा त्याहून जास्त, शाळेने कोणाला बसू दिले याबद्दल बोलत असतो. नववीत कच्च्या पडलेल्या मुलाच्या पालकांना बोलावून १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, असे सुचवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. त्यामुळे शाळेला दोन आकडे विचारा: मागच्या वर्षी नववीच्या सुरुवातीला किती मुले होती आणि त्यांतली किती यंदा याच शाळेतून दहावीला बसली. ६२ मुलांतून ६० बसली आणि ५४ उत्तीर्ण झाली, ही शाळा ६० मुलांतून ४१ बसवून ४१ उत्तीर्ण करणाऱ्या शाळेपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. दुसरे असे की ज्या शाळेत सगळी मुले शिकलेल्या, सुखवस्तू घरांतली आणि बहुतेक सगळी शिकवणीला जाणारी, तिच्या गुणांत शाळेचा वाटा किती आणि शिकवणीचा किती हे वेगळे काढता येत नाही. घरी अभ्यास घेणारे कोणी नसलेल्या मुलाला जी शाळा चौथीपर्यंत नीट वाचते करते, तिचे कसब जास्त. तुमचे मूल कुठल्याही घरातले असो, त्याला ते कसब उपयोगीच पडणार आहे.

लांबची नावाजलेली शाळा की जवळची साधी, या वादात एक हिशेब नेहमी सुटतो. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचे आहे. जाताना ४५ मिनिटे आणि येताना ४५ मिनिटे असा बसचा प्रवास धरला तर दिवसाचा दीड तास, वर्षाचे ३०० तास झाले. शाळा जेवढे तास शिकवणार त्याच्या एकतृतीयांशाहून जास्त वेळ सहा-सात वर्षांचे मूल उड्डाणपुलावर काढणार. तो वेळ झोपेतून, खेळातून आणि आजीच्या गप्पांतून कापला जातो. शिवाय ज्याची शाळा एकीकडे आणि घर दुसरीकडे त्याला संध्याकाळी खाली उतरल्यावर ओळखीचे कोणी नसते. लांबच्या शाळेने एवढ्या तासांची भरपाई होईल असे नेमके काय जास्त दिले पाहिजे, ते कागदावर लिहून काढा. लिहिता आले तर जरूर पाठवा. बऱ्याचदा कागदावर शाळेचे नाव सोडून दुसरे काही येत नाही.

जवळची शाळा घ्या म्हटले की पहिला आक्षेप येतो तो इंग्रजीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गिरणी कामगाराच्या नातवाला त्याच गिरणीच्या जागेवरच्या कार्यालयात नोकरी हवी असेल तर इंग्रजी लागते; तिथे आजही मराठीत मुलाखत होत नाही. पण इंग्रजी येणे आणि इंग्रजी माध्यमात असणे यांत अंतर आहे, आणि ते किती, याचा एक चांगला पुरावा आंध्र प्रदेशातून मिळतो. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तिथल्या ग्रामीण भागात सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेचा खर्च दिला आणि त्यांची तुलना सोडतीत न लागलेल्या मुलांशी केली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांनंतरही तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक नव्हता. हिंदीत खासगीतली मुले पुढे होती, कारण त्या वयात सरकारी शाळेत हिंदी शिकवलीच जात नव्हती. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की खासगी शाळांनी हे दर मुलामागे सरकारी खर्चाच्या एकतृतीयांशाहून कमी पैशांत आणि तेलुगू-गणिताला कमी तास देऊन साधले. म्हणजे हा अभ्यास कोणत्याच पक्षाच्या झेंड्यावर नीट बसत नाही, आणि ग्रामीण आंध्र म्हणजे परळ नव्हे हेही खरे. तरी त्यातून एवढे उघड होते की शाळा खासगी झाल्याने भाषा आणि गणित आपोआप सुधारत नाही. ज्या विषयाला तास दिला तो विषय येतो. म्हणून शाळेत माध्यम कोणते हे विचारून थांबू नका. इंग्रजी कोण शिकवते, त्या बाई स्वतः इंग्रजीत सहज बोलतात का, आणि आठवड्यात त्या विषयाचे किती तास होतात, हे विचारा. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून अशी सेमी इंग्रजीची सोय ज्या शाळेत खरोखर चालते ती शाळा घरी इंग्रजी नसलेल्या मुलाला बहुधा जास्त मानवते, कारण त्याला न समजणाऱ्या भाषेत न समजणारी गोष्ट शिकावी लागत नाही. टॉवरमधल्या पालकांसाठी एक आठवण: २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. मुलाला ती दहा वर्षे शिकायचीच आहे, मग आवारातल्या मुलांकडून फुकट शिकलेली काय वाईट?

पाटीचा महिमा किती असतो याचे उदाहरण महापालिकेनेच दिले आहे. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांत शाळा चालवणाऱ्या महापालिकेने २०२० मध्ये ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव घेतले आणि काही शाळा सीबीएसई व आयसीएसई मंडळांना जोडल्या. सीबीएसईच्या शाळांकडे जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. पालक पालिकेच्या शाळेला नाही म्हणत होते ते इमारतीला किंवा शिक्षकांना नव्हे, असा याचा एक अर्थ लावता येतो. तुम्हीही अर्ज करून पाहा, पण तिथेही वह्या आणि वर्गशिक्षक हीच कसोटी ठेवा. मंडळाचे नाव वर्गात शिकवायला येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे, म्हणून तो सहसा मोठ्याने बोलला जात नाही: समाज सुधारावा म्हणून मी माझ्या मुलावर प्रयोग का करू? करू नयेच. मुलाचे नुकसान करून समतेचा धडा गिरवा असे कोणी सांगत असेल तर त्याचे ऐकू नका. पण नुकसान खरोखर होते का, हे पाहिले पाहिजे. दिल्लीत २००७ पासून अनेक खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा ठेवणे भाग पडले. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने त्याआधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांतल्या श्रीमंत मुलांची तुलना केली. निष्कर्ष २०१९ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत आले. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुले जास्त उदार निघाली, स्वयंसेवी कामाला जास्त पुढे आली, आणि रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना केवळ गरीब म्हणून वेगवान मुलाला टाळण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी दिसले. गणित आणि हिंदीच्या गुणांवर परिणाम झाला नाही. इंग्रजीचे गुण मात्र थोडे घसरले आणि शाळेत शिवराळ बोलणे थोडे वाढले. मी हे शेवटचे वाक्य गाळू शकलो असतो, पण निर्णय तुम्हाला घ्यायचा आहे, तेव्हा किंमतही कळली पाहिजे. इंग्रजीतली थोडी घट इंग्रजी बोलणाऱ्या घरात भरून काढता येते. वेगवान धावणारा मुलगा कपड्यांवरून न टाळण्याची सवय मात्र शिकवणी लावून येत नाही. आणि याच अभ्यासातला दुसरा बोध असा की हे सगळे वर्ग खरोखर एकत्र बसला तेव्हा घडते. काही शाळा राखीव जागांवरच्या मुलांची वेगळी तुकडी किंवा वेगळी वेळ ठेवण्याची युक्ती करतात; तशी शाळा दोन्ही घरांनी टाळावी.

आता मिळून निवडण्याबद्दल. एक सुखवस्तू घर घसरत्या शाळेत मूल घालते तेव्हा ते एकटे पडते, वर्षभरात घाबरते आणि दाखला काढून घेते. सहा घरांनी एकाच वर्षी, एकाच वर्गात मुले घातली तर तो वर्ग टिकतो. म्हणून सोसायटीच्या गटावर ‘कुठली शाळा बेस्ट?’ असा प्रश्न टाकण्यापेक्षा, ज्यांची मुले पुढच्या जूनमध्ये पहिलीला जाणार आहेत त्यांची यादी करा, मागच्या इमारतीतल्या घरांसह, आणि एकत्र तीन शाळा बघायला जा. पण इथे एक खरा धोका आहे, आणि तो ओळखीचा आहे: जसे टॉवर वस्तीत आले तसेच पालक शाळेत येतात. पहिल्याच सभेत इंग्रजीत बोलतात, प्रोजेक्टरसाठी वर्गणीचा आकडा सुचवतात, सभा शनिवारी सकाळी अकराला ठेवतात जेव्हा धुणीभांडी करणाऱ्या बाईला आणि चालकाला येता येत नाही, आणि वर्षभरात शाळा सुधारते, फक्त ज्यांची ती होती ते तिच्यात परके होतात. अशा वेळी कायद्याची बाजू ठाऊक असलेली बरी. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. नव्या पालकांनी पहिले वर्ष समितीत न शिरता सभेला बसून ऐकावे; वर्गणीऐवजी वेळ द्यावा, आठवड्यातून एक तास वाचनाचा. जुन्या पालकांनी सभेची वेळ रात्री आठची मागून घ्यावी आणि सभा मराठीतच होईल असे ठामपणे सांगावे. ज्यांना जमत नाही ते हळूहळू शिकतील. त्यांची मुले तर शिकणारच आहेत.

जुन्या घरांसाठी वेगळे चार शब्द. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळेत राखलेल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करायला वर्षाला एक लाखाच्या आतले उत्पन्न किंवा कायद्यातल्या वंचित गटातले असणे लागते, आणि घरापासूनचे अंतर मोजले जाते. चाळ रिकामी करून भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत करून घ्या, कारण पत्त्याच्या पुराव्यावरच अर्ज अडतो. २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट देणारा बदल केला होता. उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. त्यामुळे ‘जवळ पालिकेची शाळा आहे, तुम्हाला लागू नाही’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका. मात्र २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदाच लागू नाही, आणि मुंबईतल्या अनेक जुन्या मिशनरी शाळा त्यात मोडतात; तिथे फेऱ्या मारून चपला झिजवू नका. आणखी एक गोष्ट प्रवेशाच्या आनंदात विसरली जाते: मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला त्याच शाळेचे पूर्ण शुल्क समोर येते, आणि त्या वयात शाळा बदलणे मुलाला सर्वांत जड जाते. आठवीनंतरची तजवीज पहिलीतच डोळ्यांसमोर ठेवा. संक्रमण शिबिरात जाताना मूल तिसरी-चौथीच्या आत असेल तर शिबिराजवळच्या शाळेत घाला, कारण दोन वर्षांची म्हटलेली मुदत किती लांबते याचा अनुभव सगळ्यांनाच आहे. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

खासगी शाळाच घ्यायची ठरली तर शुल्काचा कायदा वाचा. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता शुल्काला लागते, त्या समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, आणि एकदा ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बांधून राहते. चिठ्ठीत नाव आले तर टाळू नका. पुस्तके, गणवेश, बस आणि सहल धरून पाच वर्षांची बेरीज करा आणि ती घराच्या हप्त्याशेजारी लिहा. कर्ज काढून आलेल्या घराला हा कागद जास्त उपयोगी पडेल.

शाळेची जमीनही पाहिली पाहिजे, कारण या भागात शाळेपेक्षा तिच्याखालची जमीन महाग झाली आहे. इमारत संस्थेच्या मालकीची आहे की भाड्याची? पालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत ती सी-१ वर्गात तर नाही ना, म्हणजे रिकामी करायच्या इमारतींत? २०३४च्या विकास आराखड्यात त्या भूखंडावर शाळेचे आरक्षण आहे का? हे विभाग कार्यालयात विचारता येते, आणि सहा पालकांनी लेखी विचारले तर उत्तर लवकर मिळते. दुरुस्तीच्या नावाखाली मुले दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या इमारतीत हलवली जातात, तोवर पट आणखी घटतो, आणि परत यायची वेळ येते तेव्हा परत यायला मुले नसतात. हे होऊ नये यासाठी व्यवस्थापन समितीने हलवण्याआधी परतीची तारीख लेखी घ्यावी.

राहिली वेळ. संचमान्यतेसाठी पट मोजला जातो तो ३० सप्टेंबरचा. म्हणजे सहा घरांनी दिवाळीनंतर ठरवून उपयोग नाही. मुले त्या तारखेला हजेरीपटावर असायला हवीत. मागून हिशेब केला तर शाळा बघायच्या आदल्या हिवाळ्यात, दिवाळीची सुट्टी संपून वर्ग पूर्ववत चालू असतात तेव्हा. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात जाऊ नका, त्या दिवसांत सगळ्याच शाळा छान दिसतात. जानेवारीत ठरवा, मार्चमध्ये अर्ज द्या, आणि जूनमध्ये शाळा उघडताच सहाही मुले खरोखर दाखल झाली आहेत ना, हे एकमेकांच्या दारावर टकटक करून पाहून या.